अकरा हजार गाण्यांचं बारसं

तुमच्याही घरी एक हार्ड डिस्क असेलच. हार्ड डिस्क नाही तर बंद पडलेला लॅपटॉप; चार्जर हरवलाय, बॅटरी फुगलीय, पण भंगारात द्यायचा धीर होत नाही. कारण आत ‘साँग्ज’ नावाचं फोल्डर आहे. त्यात ‘न्यू साँग्ज’, त्यात ‘न्यू न्यू’, त्यात ‘पप्पा गाडी’ आणि सगळ्यात तळाशी ‘मिक्स फायनल’. हॉस्टेलवर कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून आलेली, मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून घेतलेली, सीडीवरून उतरवलेली, अशी सगळी जत्रा. वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही आणि कुणी डिलीटही करत नाही.

या जत्रेचं करायचं काय, हा आजचा विषय. माझ्यापुरतं उत्तर असं, की तिला स्वतःचं घर द्यायचं. घर म्हणजे म्युझिक सर्व्हर. एक छोटासा कॉम्प्युटर, जो चोवीस तास चालू राहतो, दुसरं काहीही करत नाही, फक्त गाणी सांभाळतो आणि मागाल तिथे वाजवून देतो. हॉलमधल्या स्पीकरवर, आईच्या फोनवर, खराडीच्या ऑफिसात माझ्या हेडफोनमध्ये. हे घर बांधायला दोन संध्याकाळी पुरतात. त्यानंतर जे काम निघतं ते मात्र मला अजून पुरतंय, आणि खरं सांगायचं तर मजा त्यातच आहे.

आधी नेहमीचा प्रश्न. ऑफिसात कॉफी मशीनपाशी हा विषय काढला की कुणीतरी म्हणतंच, “फोनवर सगळं मिळत असताना हा उद्योग कशाला?” मिळतं, मान्य. मीही वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये तासतासभर फोनवरचीच गाणी ऐकत असते. पण तिथे आपण भाडेकरू असतो, आणि मालकाला कधीही दुकान आवरता येतं. फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं एमपीथ्रीचं दुकान काढलं आणि २०१३ मध्ये गुंडाळलं. गुगल प्ले म्युझिक २०२० मध्ये गेलं. एअरटेलचं विंक २०२४ मध्ये. त्यात गळा काढण्यासारखं काही नाही, कॅसेटची दुकानंही बंद झालीच की. माझं कारण वेगळंय. काही गाणी या दुकानांत कधी नव्हतीच, आणि कधी येणारही नाहीत.

आमचं घर शिरूरला, जुने लोक जिला अजून घोडनदी म्हणतात तिथे. आईचं माहेर दौंड. शिरूरला रेल्वे नाही आणि दौंडला रेल्वेशिवाय काही नाही, असं आम्ही मामांना चिडवतो. पुणे-सोलापूर लाइनवरून मनमाडचा फाटा फुटतो तो दौंडला, आणि मामांची सगळी नोकरी त्या जंक्शनावर गेली. गार्ड म्हणून रिटायर झाले. २०२२ मध्ये रेल्वेनं गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, तेव्हा मी त्यांना फोन करून प्रमोशनबद्दल अभिनंदन केलं होतं. “आता नाव बदलून काय, झेंडी तर जमा केली,” म्हणाले.

तर लायब्ररी. पप्पांच्या २००६ सालच्या डेस्कटॉपवर आणि एका एक्स्टर्नल डिस्कवर मिळून ११,३४० फाइल्स, १६० जीबी. तीन थर आहेत. वरचा माझा, कॉलेजचा. मधला पप्पांच्या सीडींचा, नाट्यसंगीत, भीमसेन, तलत महमूद. आणि सगळ्यात खालचा थर म्हणजे मामांच्या ३८ कॅसेट्स. दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं भजनी मंडळ, मामांनी स्वतः टू-इन-वनवर रेकॉर्ड केलेलं, ऐंशीच्या दशकातलं. ड्यूटी नसेल त्या रात्री मामा टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे. या कॅसेट्स आम्ही आधीच उतरवून घेतल्या होत्या. कॅसेट उतरवायला शॉर्टकट नसतो बरं का. साठ मिनिटांची कॅसेट साठच मिनिटं घेते, आणि आत टेपला दाबून धरणारा तो फेल्टचा इवलासा तुकडा गळून पडलेला असला, तर आधी दुसऱ्या कॅसेटचा काढून त्याला बसवायचा. पेन्सिलनं रीळ गुंडाळणारी पिढी हे जाणते.

आता तांत्रिक भाग पटकन उरकते. रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर २०१२ पासून मिळतो. मी त्याचं चौथं मॉडेल घेतलं आणि त्याला दोन टीबीची डिस्क जोडली. त्यावर नेव्हिड्रोम नावाचं फुकट सॉफ्टवेअर. लायरियन आहे, जेलीफिन आहे, तुम्हाला जे झेपेल ते घ्या. अशी पेटी साधारण पाच वॉट खाते, म्हणजे वर्षभर अखंड चालू ठेवली तरी चव्वेचाळीस युनिट. तेच काम पप्पांच्या डेस्कटॉपला दिलं आणि त्यानं साठ वॉट खाल्ले, तर वर्षाला पाचशे पंचवीस युनिट. पप्पांना सॉफ्टवेअरचा फंडा कळला नाही, पण हा आकडा लगेच कळला.

छोटा यूपीएस मात्र घ्याच. आमच्याकडे वीज न सांगता जाते, आणि डिस्कवर लिहिणं चालू असताना ती गेली तर फाइल्सचं वाटोळं होऊ शकतं. दुसरं, गाणी नुसती कॉपी-पेस्ट करू नका. आरसिंकसारखा प्रोग्रॅम दोन्हीकडच्या प्रत्येक फाइलचा चेकसम काढून ताडून बघू शकतो. चेकसम म्हणजे फाइलमधल्या सगळ्या आकड्यांचं मिळून एक उत्तर. दोन्हीकडे उत्तर एकच आलं, तर कॉपी बरोबर. तिसरं, जुन्या एमपीथ्रीचं फ्लॅक करत बसू नका. सीडी उतरवायची असेल तर फ्लॅक झक्कास, कारण त्यात आवाजातलं काहीच जात नाही आणि जागा सीडीच्या निम्मीशिम्मी लागते. पण एमपीथ्रीत जे एकदा गाळलं गेलं ते परत येत नाही. पातळ केलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून घट्ट होत नाही.

पुण्यात बसून शिरूरची गाणी ऐकायची तर आणखी एक गाठ सोडवावी लागते. बरेच इंटरनेटवाले एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतात, त्यामुळे बाहेरून तुमच्या घराचं दार सापडत नाही. त्यावर वायरगार्ड किंवा टेलस्केल हा उपाय. फोन आणि घरची पेटी यांच्यात एक खाजगी बोगदा खणला जातो, आणि फोनला वाटतं आपण शिरूरच्या हॉलमध्येच आहोत. झालं. दोन संध्याकाळी म्हटलं ना, तसंच.

दुसऱ्या संध्याकाळी नेव्हिड्रोमनं गाणी मोजून संपवली आणि पडद्यावर यादी लावली. सगळ्यात मोठा गायक कोण निघाला? लता नाही, आशा नाही, भीमसेन नाहीत. ‘अननोन आर्टिस्ट’. त्याच्या नावावर दोन हजार नऊशे गाणी! दुसऱ्या नंबरवर गाणी फुकट वाटणारी एक वेबसाइट, जिनं कलाकाराच्या जागी स्वतःची जाहिरात चिकटवली होती. आणि भीमसेन जोशी एक नव्हते, पाच होते. ‘भीमसेन’, ‘पंडित भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’, एक रोमन लिपीतले आणि एक रोमनमध्येच पण स्पेलिंग वेगळं असलेले. सॉफ्टवेअरच्या लेखी हे पाच वेगवेगळे गृहस्थ, एकमेकांचे नातेवाईकही नाहीत.

असं का होतं? आपण घरी गाणी फोल्डरनं ओळखतो. ‘पप्पा गाडी’ म्हटलं की त्यात काय असेल हे सगळ्या घराला माहीत. नेव्हिड्रोमसारखा सर्व्हर फोल्डरच्या नावाकडे बघत नाही. तो बघतो फाइलच्या आत लिहिलेला टॅग: गाणं कोणतं, गायलं कुणी, अल्बम कुठला. आपल्या स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात ना, तारखेसकट, अमक्याकडून तमक्याच्या लग्नात, तसंच. भांडं कपाटात कुठल्याही फळीवर ठेवा, उलटं केलं की कुणाचं ते कळतं. आमच्या अकरा हजार भांड्यांपैकी पाव भांड्यांवर काहीच घातलेलं नव्हतं, आणि बऱ्याच भांड्यांवर दुकानदाराचंच नाव.

टॅगची कुळकथा मोठी गमतीदार आहे. एमपीथ्री फाइलमध्ये गाण्याचं नाव लिहायला मुळात जागाच नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प नावाच्या माणसानं फाइलच्या शेवटी १२८ बाइटची एक शेपटी लावायची युक्ती काढली. गाण्याचं नाव ३० बाइट, गायक ३०, अल्बम ३०, साल ४, शेरा ३०, संगीतप्रकाराला १, आणि ‘इथे टॅग आहे’ अशी खूण म्हणून ३. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसतं. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीनं लिहिलेल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हं. ‘भीमसेन जोशी’ मोजून बघा. दहा चिन्हं, म्हणजे तीस बाइट. मधल्या मोकळ्या जागेचा एक. एकतीस! एका बाइटनं जोशींची शेवटची वेलांटी फुटते आणि तिथे चौकोन नाहीतर प्रश्नचिन्ह येऊन बसतं. संगीतप्रकारांची मूळ यादी ऐंशी जणांची. त्यात पोल्का होतं, गँगस्टा होतं. अभंग, लावणी, नाट्यसंगीत, भावगीत यांतलं एकही नव्हतं. पुढच्या आवृत्त्यांनी जागेची आणि लिपीची अडचण सोडवली, आज हवं ते हव्या तेवढ्या लांबीचं लिहिता येतं. पण आपल्याकडची बरीच गाणी कॉम्प्युटरवर आली ती त्या अडचणीच्या दिवसांत, आणि तशीच बिननावाची राहिली.

शिवाय रकाने कुणाच्या सवयीचे, हाही प्रश्न आहे. आर्टिस्ट, अल्बम, ट्रॅक. आपल्याकडे गाणं असं ओळखतात का? आकाशवाणीवर ‘आपली आवड’ ऐकत वाढलेल्या माणसाला गाण्याला तीन नावं लागतात, गीत, संगीत आणि स्वर, आणि त्यातलं एक राहिलं तर निवेदकाचं काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. गीतरामायण घ्या. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर, एकूण ५६ गाणी. रेडिओवर ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली. नंतर घराघरात पोचला तो संच बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातला. म्हणजे अल्बमचं नाव एकच, पण कुठलं गीतरामायण, हे स्वराचा रकाना भरल्याशिवाय कळणार नाही.

लिहिणाऱ्याचा रकाना तर सगळ्यात जास्त उपाशी. तमाशाचं गाणं फडाच्या नावानं नाहीतर गाणारीच्या नावानं ओळखलं जातं, लिहिणारा कनातीमागेच राहतो. आमच्याच शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर यांनी आयुष्यभर तमाशासाठी लावण्या, गण-गवळणी, वग लिहिले. राज्य सरकारचा २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला, २०२१ मध्ये ते गेले. जत्रेत त्यांचं गाणं ऐकून शिट्टी मारलेल्या किती जणांना त्यांचं नाव माहीत असेल? माझ्या डिस्कवरच्या तमाशाच्या एकाही फाइलमध्ये गीतकार हा रकाना भरलेला नव्हता. रकाना होता. फक्त रिकामा.

तर मी बारसं घालायला बसले. प्रसिद्ध गाण्यांचं काम सोपं होतं. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड नावाचं सॉफ्टवेअर गाणं ‘ऐकून’, म्हणजे त्याच्या आवाजाचा ठसा काढून, मोठ्या डेटाबेसशी ताडतं आणि टॅग भरून देतं. हिंदी सिनेमात ते बऱ्यापैकी हुशार आहे. मराठी भावगीतांसाठी ‘आठवणीतली गाणी’ ही साइट उघडून गीत-संगीत-स्वर बघून भरायचे, ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा बंद असताना हे छान जमतं. नावं देवनागरीत ठेवली, कारण घरात सगळ्यात जास्त शोधाशोध आई करते आणि ती मराठीतच करते. पाच भीमसेन एक झाले. महिन्याभरात दोन हजार नऊशेचे चारशेवर आले.

उरलेले चारशे म्हणजे मामांच्या कॅसेट्सचे तुकडे. पिकार्डला त्यातलं एकही ओळखता आलं नाही. येणार कसं? त्या आवाजांचा ठसा जगात एकाच ठिकाणी होता, दौंडला मामांच्या डोक्यात. आणि मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत.

मग रविवार सुरू झाले. शिरूरहून दौंड पन्नास-साठ किलोमीटर. घोड नदी आमच्या दारावरून निघून पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडावरून जाते, म्हणजे पाणी आपलं आपण पोचतं. माणसाला मात्र गाडी काढावी लागते. मी लॅपटॉप आणि एक बरा स्पीकर घेऊन जायचे. मामा खुर्चीत, मी जमिनीवर, मामी मधूनमधून चहा घेऊन येणार आणि मामांच्या निम्म्या उत्तरांना नाही म्हणणार.

“थांब, हा पखवाज ऐक. हा फिटर तात्या.”

“पूर्ण नाव काय मामा?”

“फिटर तात्या! कॉलनीत कुणालाही विचार.”

“मामा, आता कॉलनीत त्यांना ओळखणारं आहे का कुणी?”

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “लिही तू. फिटर तात्या, लोको शेड. तेच त्याचं नाव.”

लिहिलं. फ्लॅक फाइलला हवे तेवढे रकाने जोडता येतात, म्हणून पखवाजाचा वेगळा रकाना केला, टाळाचा वेगळा, पेटीचा वेगळा. पण लवकरच लक्षात आलं की पखवाजाचा रकाना भराभर भरतोय आणि टाळाचा रिकामा राहतोय. वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी वरचे, बारीक आवाज जातात. पखवाजाचा घुमारा मामांपर्यंत पोचतो, टाळ पोचत नाहीत. मशीन लावूनही ते म्हणतात, टाळ म्हणजे पाऊस पडल्यासारखं वाटतं. टाळकऱ्यांची नावं कळण्याची वेळ बहुतेक निघून गेलीय. कॅसेट आणखी तीस वर्षं टिकवता येईल, फाइल तर कितीही. ऐकून नाव सांगणारे कान मात्र एवढेच.

आपली जुनी माणसं या बाबतीत चलाख होती. अभंगात शेवटी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ येतं, ती नाममुद्रा म्हणजे दुसरं काय? टॅग गाण्याच्या पोटातच शिवून टाकला, तो कुणी उसवू शकत नाही. शाहीरही पोवाड्याच्या शेवटी स्वतःचं नाव घालतो. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान पहिल्यांदा तबकडीसाठी गायल्या, तेव्हा गाणं संपताना स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगायच्या. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, आणि तिथल्या माणसाला लेबलवर कुणाचं नाव छापायचं ते कळावं म्हणून ही सोय, असं सांगतात. मला हा किस्सा वाचल्यापासून वाटतंय, की घरातलं कुठलंही रेकॉर्डिंग सुरू करताना आधी नाव, गाव, तारीख बोलून टाकावं. फोनवर आजीचं गाणं रेकॉर्ड करताय? पहिलं वाक्य तेच. खर्च शून्य.

हेच काम मोठ्या पातळीवर कुणी केलं असेल, तर ते जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायकांकडून ऐंशीच्या दशकापासून ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल या फ्रेंच संगीत-अभ्यासकाच्या मदतीनं त्यांचा डेटाबेस बांधला गेला, आवाजही रेकॉर्ड झाले. गी २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. आता हे सगळं भांडार ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाकडे आहे, कुणालाही ऐकता येतं. त्यात शिरूर तालुक्यातल्या बायकाही आहेत. मला त्यात सगळ्यात काय आवडतं सांगू? ओवीबरोबर गाणारीचं नाव असतं, आणि गाव, तालुका. ओवी म्हणजे जिचं कुणी नावही विचारलं नव्हतं असं गाणं. पहाटे दळताना म्हटलं, जात्याबरोबर संपलं. कुणीतरी वही घेऊन बसलं आणि विचारलं, बाई, तुमचं नाव काय? तेवढ्यानं ते गाणं लोकगीत या गोणीतून बाहेर येऊन एका बाईचं झालं.

मला काही लाखभर गाणी नाहीत, चारशेच आहेत. पण वहीची पद्धत मी तिथून उचलली. मामांनी नाव सांगितलं की फाइलमध्ये लिहायचं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं की हे कुणी, कधी सांगितलं. तारखांसाठी मामांची पद्धत वेगळीच आहे. नवव्या कॅसेटमध्ये भजन चालू असताना मागून इंजिनाची लांबलचक शिट्टी येते. वाफेचं इंजिन. भारतात ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं १९९५ मध्ये निवृत्त झाली, एवढं मला गुगलवरून कळलं. मामांना तेवढ्यानं समाधान नाही. “ही रात्रीची मालगाडी. आणि पेटीवर पोस्टातले काका आहेत, त्यांची बदली झाली ती माझ्या थोरल्याच्या मुंजीच्या वर्षी. त्याच्या आधीचं.” मुंजीची तारीख मामींच्या पत्रिकांच्या पिशवीत सापडली. एप्रिल १९८६. साल भरलं.

बॅकअपचं राहिलं. गाणी एकाच डिस्कवर, एकाच घरात ठेवणं म्हणजे नशिबावर भरवसा. तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, हा जाणकारांचा साधा नियम. आमची दुसरी जागा आयतीच होती, दौंड. इंटरनेटवरून १६० जीबी पाठवायला दहा एमबीपीएसच्या अपलोडनं पस्तीस तासांहून जास्त लागले असते, तेही मध्ये वीज न जाता. एसटीच्या पिशवीत डिस्क टाकली आणि बदलत-बिदलत अडीच तासांत पोचली. लाल डब्याची बँडविड्थ सॉलिड आहे. आता दर महिन्याला बदललेल्या फाइल्स तेवढ्या बोगद्यातून जातात, आणि मामांच्या टीव्हीशेजारी दुसरी पेटी आहे. मामी तिच्यावर क्रोशाचा रुमाल घालतात. मी सांगितलं, गरम होईल. आता रुमाल पेटीखाली असतो.

पुढचा रविवार दौंडचा नाही, कुर्डुवाडीचा आहे. चौदाव्या कॅसेटवर एक गवळण आहे, बाईच्या आवाजातली. मंडळात बायका गात नसत, त्यामुळे ही कोण, हा प्रश्नच आहे. आवाज कोवळा, थोडा घाबरलेला, दुसऱ्या कडव्यापासून मोकळा झालेला. शिरूरला आईनं तीन सेकंदांत सांगितलं, “ही आमची आत्या.” दौंडला मामांनी तितक्याच खात्रीनं सांगितलं, “छे, ही शेजारच्या क्वार्टरमधल्या सिग्नलवाल्यांची बायको. आत्या गवळण कधी म्हणायचीच नाही.” मी दोघांना एकाच फोनवर आणलं. आई म्हणाली, “दादा, तुला ऐकायला कमी येतं.” मामा म्हणाले, “तू तेव्हा आठ वर्षांची होतीस.” दोन्ही खरं आहे. पेटीवर साथ पोस्टातल्या काकांची आहे, एवढ्यावर एकमत.

आत्या नाहीत आता. सिग्नलवाल्यांचं कुटुंब कुठे गेलं, मामांना माहीत नाही. पण आईची मोठी बहीण, कुर्डुवाडीची मावशी, त्या रात्री तिथे होती म्हणे, आणि तिचे कान अजून शाबूत आहेत. तोवर स्वराच्या रकान्यात मी काहीच भरलेलं नाही. शेऱ्यात लिहून ठेवलंय: आईच्या मते आत्या, मामांच्या मते शेजारच्या काकू, मावशीला विचारणे.